आक्काचे राखी कोंबडे

पीस हातात आलं की आक्का ते आधी वरच्या ओठाला लावायची. डोळे मिटून पिसाचं टोक ओठावरून हळूच फिरवायची आणि मग निकाल सांगायची. "टोचतंय," नाहीतर "मेलंय." टोचणारं पीस डब्यात, मेलेलं पाटीत. दुसरा शब्द नाही. तिच्या ओठावर कायम पिसाचा एखादा तंतू चिकटलेला असायचा. चहा पिताना तो कपात पडला की बोटाने काढून टाकायची आणि तोच चहा प्यायची.

आमची शेड काष्टीहून श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. लांबट, पत्र्याची, आत दोन रांगांत टेबलं. त्या रस्त्याने तुम्ही गेला असाल, तर कांद्याची वखार समजून पुढे गेला असाल. आत आम्ही बायका माश्या बांधायचो. म्हणजे बारीक गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून माशीसारखं दिसेल असं करायचं. परदेशात हौशी लोक थंड ओढ्यांत त्या टाकून मासे पकडतात आणि पकडलेला मासा पुष्कळदा परत पाण्यात सोडतात, असं शेडच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एवढा खटाटोप करून पकडलेला मासा सोडायचा, हे आमच्यापैकी कोणालाच पटलं नाही. गावात तर आमची थट्टाच व्हायची. "कुठं निघाल्या? माश्या मारायला?" असं पारावर बसलेले लोक विचारायचे. आक्का न थांबता म्हणायची, "न्हाई, ते काम तुमाला दिलंय."

आक्का स्वतः माशी बांधत नसे. तिची बोटं जाड, खुरपं धरलेली. तिचं काम पिसं निवडायचं. कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं मीठ लावून वाळवलेलं यायचं, त्याला आम्ही नुसतं 'मान' म्हणायचो. एकेका मानेतून कामाची पिसं थोडीच निघतात. पीस अरुंद हवं, त्याचे तंतू ताठ हवेत, बुडाशी मऊ लव, म्हणजे कापूस, कमी हवा. गळाभोवती गुंडाळताना मधली काडी मोडता कामा नये. असं पीस असलं की माशी पाण्यावर पाय टेकून उभी राहते. मऊ असलं की भिजते आणि बुडते. "कोंबडीचं पीस बुडायला, कोंबड्याचं तरंगायला," एवढंच तिने मला शिकवलं. बाकीचं ओठावर सोपवलं. मी पहिल्यांदा एक चकचकीत तांबडं पीस निवडून तिच्यापुढे धरलं, तेव्हा तिने ते माझ्याच ओठाला लावलं. "टोचलं का?" मी म्हटलं, थोडंसं. "थोडंसं म्हंजी मेलंय. दिसायला बरं म्हनून घेतलंस व्हय? सुनंदे, लग्न जमवतीस का काम करतीस?"

बोलणं असं. गोड शब्द तिच्या तोंडून मी फारसा ऐकला नाही. बाजाराच्या दिवशी ती कोंबडेवाल्यांच्या डालग्यांपुढून हिंडायची आणि कोंबड्याची मान फिरवून, पिसं उलटी करून बघायची. "घ्यायचा न्हाई तर हात कशाला लावता," असं कोणी म्हणालं की म्हणायची, "तुझ्या मालाची परीक्षा फुकट करून दिली, चहा पाज." एका लग्नात तर नवरदेव घोड्यावरून उतरतोय तोवर हिने त्याच्या फेट्यातल्या तुऱ्याला हात घातला. वरमाय बघतच राहिली. हिने पीस ओठाला लावलं, परत खोचलं आणि मला म्हणाली, "ब्रॉयलरचं हाय. रंगवलंय."

आपण बांधलेल्या माशीला मासा खरंच भुलतो का, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत आक्का मला घेऊन कालव्यावर गेली. नायलॉनच्या दोरीला एक माशी बांधून तिने पाण्यावर सोडली. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बोटभर चिलापी वर आली आणि तिने माशी तोंडात धरली. मी ओरडले. आक्काने दोरी ओढली, मासा सोडवून पाण्यात टाकला, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माशीकडे बघत होती. फुंकर मारली, बोटाने चाचपली. "बघ. सुकंच हाय अजून." त्या दिवशी ती दिवसभर कोणावर खेकसली नाही.

आता तिच्या कोंबड्यांचं सांगते.

तिचं माहेर नेवाशाकडचं. तिथून तिने एक राखी रंगाचा कोंबडा आणला होता. राखी म्हणजे चुलीतली राख फुंकल्यावर उडते तसा. या रंगाची पिसं साहेबांना सगळ्यात जास्त हवी असायची आणि सगळ्यात कमी मिळायची. रंगवलेल्या पिसाला ती चमक येत नाही म्हणे. आक्काने त्या कोंबड्याला गावरान तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, लावल्या. पिल्लं झाली ती तांबडी, काळी, कवडी, राखी एखादंच. तेवढंच ठेवायचं, बाकीची विकायची. मग त्यातलं राखी आणि त्यातलं ताठ पिसाचं. अशी वर्षं गेली. माझी थोरली शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या परड्यात दोन राखी कोंबडे होते. थोरली दहावी झाली तेव्हा सगळं परडंच राखी झालं होतं.

कोंबडा तयार व्हायला वर्षाच्या वर लागतं. जुनी पिसं झडून नवी येतात, थंडीत ती भरतात, तेव्हाच मान काढायची. आक्का ते काम स्वतः करायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. आदल्या दिवशी त्याला मुठीने बाजरी चारायची, आणि सकाळी पाठीवरून हात फिरवत एका झटक्यात संपवायची. मग मटण रांधून शेजारीपाजारी वाटायची. "मान माझी, बाकीचं गावाचं," म्हणायची. थंडीचे दोन महिने आमची आळी तिच्याच घरचं खायची. तिचे मिस्टर, ज्यांना मी दाजी म्हणायचे, ते कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. ते म्हणायचे, "बायकूच्या नादानं मला कोंबड्याचा वीट आला, पन तिला कोंबड्याचा येईना."

साहेब पुण्याचे. त्यांच्याबद्दल वाईट काय सांगायचं, आवाजसुद्धा कधी चढवला नाही त्यांनी. आमच्या मुलांच्या शाळेची चौकशी करायचे, दिवाळीला स्वतः मिठाई वाटायचे. आक्काला ते 'तुम्ही' म्हणायचे. एका हिवाळ्यात त्यांच्याबरोबर एक गोरे म्हातारे गृहस्थ आले. टेबलावर आक्काच्या घरची मान होती. त्या म्हाताऱ्याने तिच्यातलं एक पीस उपटलं आणि सरळ आपल्या ओठाला लावलं. त्याच्याकडे बघून हसत होतो त्या आम्ही सगळ्या थांबलो. आक्का त्याच्याकडे बघत होती. तो काहीतरी बोलला. साहेबांनी मराठीत सांगितलं, "विचारतात, हा कोंबडा कोणाकडचा?"

"माझा हाय म्हनावं," आक्का म्हणाली. तिला एवढं ताठ उभं राहिलेलं मी तेव्हाच पाहिलं.

म्हातारा तिच्या घरी गेला, परड्यात उकिडवा बसला, एकेक कोंबडा हातात घेऊन बघितला. जाताना त्याने आक्काला हात जोडले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेबांनी तिच्यापुढे खुर्ची ओढून विषय काढला. दौंडच्या बाजूला माळावर त्यांची जमीन होती. तिथे फार्म करायचा. मोठ्या खोल्या, जाळ्या, डॉक्टर. "आक्का, हे परड्यात ठेवण्यासारखं राहिलं नाही. एक साथ आली तर तुमची इतक्या वर्षांची मेहनत एका दिवसात जाईल. सगळे पक्षी तिकडे नेऊ. बघणार तुम्हीच."

साथीचं खोटं नव्हतं. मानमोडीने परडीच्या परडी रिकामी झालेली आम्ही पाहिली होती. दाजी म्हणाले, "एक जोडी घरी ठेव." साहेबांनी समजावलं की घरी एक जरी पक्षी राहिला तरी तिच्या कपड्यांबरोबर रोग फार्मवर जाईल. आक्काने दोन दिवस विचार केला. मला म्हणाली, "बघनार मीच हाय ना. मंग कुठं बी ऱ्हाऊ दे." टेम्पो आला. तिने सगळे पक्षी आपल्या हाताने डालग्यांत भरले. खुराडं झाडून घेतलं, चुना टाकला.

पहिले काही महिने ती फार्मवर जायची. अंघोळ करून, त्यांचे कपडे आणि रबरी बूट घालून आत जावं लागे. बुटांत तिला चालता येत नसे. ती तक्रार करत नसे. मग डॉक्टरांनी प्रत्येक कोंबड्याच्या पायात नंबर घातले, कोणाला कोण लावायचा हे तेच ठरवू लागले. मग साहेब म्हणाले, "आक्का, इतक्या लांब दगदग कशाला? तुम्ही शेडवरच निवड बघा, माना तिकडे पाठवतो." ती शेडवर परत आली.

फार्मवरच्या माना पहिल्यांदा आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. सगळ्या जणी मनातून म्हणत होतो की पीस मऊ निघावं. तिने एक पीस ओढलं, ओठाला लावलं. दुसरं लावलं. पाच-सहा पिसं झाली. मग उठून दारापाशी उजेडात गेली, एक पीस वाकवून त्याचे तंतू उभे राहिलेले बघितले. तिच्या परड्यातल्या पिसापेक्षा ते लांब होतं, अरुंद होतं, आणि कापूस तर जवळजवळ नव्हताच.

"टोचतंय," ती म्हणाली, आणि जागेवर येऊन बसली. त्या दिवशी तिने डबा खाल्ला नाही.

फार्म चालला, चांगला चालला. अख्ख्या माना प्लॅस्टिकमध्ये घालून, वर साहेबांच्या आडनावाचं लेबल लावून बाहेर जाऊ लागल्या. तिकडच्या हौशी लोकांना स्वतः माश्या बांधायचा छंद असतो, त्यांना तयार माशीपेक्षा मान हवी. साहेबांच्या लक्षात आलं की एवढ्या बायका बसवून माश्या बांधण्यात अर्थ नाही. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला एकत्र बसवलं, सगळ्यांना साडी दिली आणि शेड बंद करत असल्याचं सांगितलं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही, म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

बायका साहेबांना काही बोलल्या नाहीत. बोलल्या आक्काला. सगळ्यात जास्त बोलली ती मंगल. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, हाताने सगळ्यात जलद.

"तुझ्या कोंबड्यांनी आमच्या पोटावर पाय दिला. कशाला दिलेस त्याला? आमचं काय हुईल, असं आलं का तुझ्या मनात?"

आक्का साडीची घडी मांडीवर घेऊन बसली होती. "न्हाई आलं," म्हणाली.

पुढे मंगलला फार्मवरच खोल्या झाडायचं काम लागलं. मी कांद्याच्या खुरपणीला जाऊ लागले, आक्काही माझ्याबरोबर. वाफ्यात बसली की कामात वाकून असायची. शेजारच्या वस्तीवर कोंबडा आरवला की तेवढं डोकं वर करायची. नेवाशाकडे जाऊन आली, भावाच्या गावात, आजूबाजूच्या वाड्यांवर राखी कोंबडा शोधला. तिकडे आता सगळीकडे हॅचरीची पिल्लं. "राखी म्हनलं की लोक राखी पुनवंची इचारत्यात," एवढंच म्हणाली.

मग एक दिवस मला म्हणाली, "चल, फार्मवर जाऊ. एक जोडी मागू."

आम्ही दोघी गेलो. गेटवर वॉचमनने थांबवलं, आत फोन केला. साहेब स्वतः बाहेर आले. उन्हात उभ्या का म्हणून सावलीत खुर्च्या मांडायला लावल्या, पाणी दिलं.

"साहेब, एक तलंग आन् एक कोंबडा द्या. म्हातारा असला तरी चालंल."

"आक्का, तुम्ही मागितलं आणि मी नाही म्हणतोय, मलाच बरं वाटत नाही. पण जिवंत पक्षी गेटबाहेर जात नाही, हा नियमच आहे. उद्या दुसरं कोणी तुमच्याकडून नेलं तर?"

"माझेच हायेत न्हवं ते."

"होते," साहेब म्हणाले. "आता तसे राहिलेत कुठे. किती बदललेत ते."

येताना बस मिळाली नाही. आम्ही चालत निघालो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मंगल एका संध्याकाळी आक्काकडे आली. मी तिथेच होते. दोघी शेड बंद झाल्यापासून बोलत नव्हत्या. मंगलने जेवणाचा डबा आक्कापुढे ठेवला. आत चिंध्यांत गुंडाळलेली चार अंडी होती. "लवकर बसव. गार व्हत्यात," म्हणाली आणि चहाही न घेता गेली. आक्काने शेजारून एक खुडूक कोंबडी मागून आणली. दोन अंडी वाया गेली, दोनांतून पिल्लं निघाली. एक पिल्लू घारीने नेलं. राहिलेल्या पिल्लाला मोठं होईतो आम्ही डोळ्याआड होऊ दिलं नाही. अंगावर पिसं फुटली ती राखी. आणि मग तुरा आला.

मी आक्काला त्या काही महिन्यांत जसं पाहिलं तसं आधी नाही आणि नंतरही नाही. कोंबडा तिच्या मागे मागे हिंडायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची, पण त्या शिव्यांत तिचा आवाज हलका असायचा. भावाकडून तीन तलंगा आणायचं ठरलं होतं. "पयल्यापासनं करायचं. अजून हातपाय चालत्यात," म्हणायची. दाजींनी खुराड्याला नवी जाळी ठोकून दिली.

फार्मचा टेम्पो आमच्याच रस्त्याने बाजारात यायचा. कोणीतरी बघितलं असणार.

साहेब एकटेच आले, ड्रायव्हरसुद्धा गाडीत ठेवून. आम्ही दारात कांदे निवडत होतो. कोंबडा अंगणातच होता. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग ओट्यावर बसले. पाणी प्याले.

"चांगला झालाय," म्हणाले.

आक्काने एक सडका कांदा बाजूला फेकला.

"आक्का, मी पोलिसात वगैरे जाणार नाही. तुमच्याशी मी तसं वागणार नाही. मला फक्त नाव सांगा. अंडी कोणी दिली? आज चार गेली, उद्या शंभर जातील. नाव सांगा आणि कोंबडा ठेवा. दोन तलंगा मी स्वतः पाठवतो."

मी खाली मान घालून कांदे चिवडत राहिले. मंगलचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता आणि घर तिच्या एकटीच्या कामावर चाललं होतं. हे आक्काला माहीत होतं, मला माहीत होतं.

"दोन तलंगा?" आक्काने विचारलं.

"दोन. तुम्ही निवडा."

आक्का बराच वेळ कोंबड्याकडे बघत राहिली. मग उठली. "च्यक च्यक" केलं, तो आला. त्याला उचलून ती परत साहेबांसमोर ओट्याच्या पायरीवर बसली, पाठीवरून हात फिरवला आणि मान पिरगळली. मी बघत असून मला कळायला वेळ लागला. पंख थोडे फडफडले, मग थांबले. तिने तो साहेबांच्या शेजारी ओट्यावर ठेवला.

"आता ठिवायला काय ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "मंग नाव बी कशाला. घिऊन जा. पिसं कवळी हायेत अजून, तुमच्या कामाची न्हाईत."

साहेब उठले. चेहरा पांढरा पडला होता. कोंबडा तिथेच ठेवून गाडीत बसले. आक्काने परड्यात खड्डा खणला आणि तो पुरला. तिच्या घरात पुरलेला तो एकच कोंबडा. दाजी संध्याकाळी आले, त्यांनी खुराडं रिकामं बघितलं आणि जाळीचं दार लावून भाकरी खाल्ली.

पुढची दोन वर्षं ती खुरपणीला येत राहिली. कोंबडी पुन्हा पाळली नाही. गेल्या हिवाळ्यात कावीळ झाली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. माती द्यायला शेडवरच्या जवळजवळ सगळ्या बायका आल्या. साहेबांनी हार पाठवला होता, मोठा, निशिगंधाचा. मंगल अंगणात आली नाही, बाहेर बाभळीखाली उभी होती. दाजींनी दोनदा निरोप पाठवला तेव्हा आत आली, पाया पडली आणि लगेच निघाली.

परतताना मी तिला रस्त्यात गाठलं. मला राग आला होता. म्हटलं, तुझ्यासाठी तिने काय केलं ते तुला ठाऊक आहे, दोन वर्षांत एकदा तिच्या दारात यायचं होतंस.

मंगल चालत राहिली. मग म्हणाली, "साहेबांना म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"अंडी म्या दिली ते. त्या खोलीत मी एकलीच हुते कामाला. साहेब तिच्याकडं गेल्ते त्याच्या आदल्या दिशीच मला बोलावलं हुतं. मी कबूल झाले, पाया पडले. म्हनले, जा कामाला, परत करू नको. मला वाटलं मिटलं."

मी थांबले. तीही थांबली.

"मग नाव विचारायला कशाला आला होता?"

"ते मला काय ठावं? तिच्या तोंडून ऐकायचं असंल." पदराने तोंड पुसलं. "सांगायला गेल्ते मी तिला. दोन डाव गेल्ते. ती परड्यात बसलेली दिसली की पाय उचलंना. काय सांगू? उगंच मारलास म्हनून सांगू?"

मागून फार्मचा टेम्पो येत होता. तिची फार्मवरच्या कामाची पाळी होती. ड्रायव्हरने गाडी हळू केली, मंगलने हात दाखवला, मागच्या फळीला धरून वर चढली आणि मानांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये तोंड फिरवून बसली.